कर्नलमधल्या कीची लांबी नक्की कोणाला माहीत असते?

नोव्हेंबर २०२० मध्ये लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एक छोटा पॅच आला. बदल जेमतेम काही ओळींचा, पण त्यामागचं कारण वाचलं तर व्हेरिएबल लांबीच्या कीजचा, म्हणजे ज्यांच्यावरून नोंद शोधतात त्या कमी-जास्त लांबीच्या नावांचा, अख्खा प्रॉब्लेम त्यात सापडतो. युजर प्रोग्रामच्या मेमरीतून स्ट्रिंग उचलून कर्नलमध्ये आणणारं एक जुनं फंक्शन आहे. ते एकेक बाइट कॉपी करत बसत नाही, ६४ बिट मशीनवर एका दमात आठ बाइट उचलतं, कारण ते बरंच फास्ट पडतं. आता समजा स्ट्रिंग आहे 'एलएस', लिनक्सवर फाइल्सची यादी काढायची ती कमांड, रोमन लिपीत दोन अक्षरं आणि शेवटचा शून्य बाइट, झाले तीन. उरलेले पाच बाइट? युजरच्या मेमरीत त्या जागी जे काही पडलेलं असेल ते, तेही सोबत यायचे. इतकी वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही, कारण सीमध्ये स्ट्रिंग वाचणारा शून्य बाइट दिसला म्हणजे थांबतो, पुढे काय आहे ते बघायला जातच नाही.

मग बीपीएफ आलं. चालू कर्नलमध्ये आपला छोटासा प्रोग्राम सुरक्षितपणे बसवायची ही सोय, आणि लोक ती कशासाठी वापरतात तर उदाहरणार्थ मशीनवर कुठली कमांड किती वेळा चालली ते मोजायला. मोजायचं म्हणजे एक मॅप ठेवायचा, कमांडचं नाव ही की आणि आकडा ही व्हॅल्यू. आता गंमत बघा, बीपीएफचा मॅप स्ट्रिंग ओळखतच नाही. त्याला एवढंच माहीत, माझी की सोळा बाइटची आहे, सोळाच्या सोळा बाइट जुळले तर तीच की, नाहीतर वेगळी. त्यामुळे शून्यानंतरचा कचरा वेगळा असला तर एकच 'एलएस' मॅपमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या जागा अडवून बसायचा. दिसायला अगदी सारखी नावं, आकडे मात्र विखुरलेले. पॅचने इतकंच केलं, शून्यानंतरचे जास्तीचे बाइट पुसून टाकले, आणि तिथल्या कमेंटमध्ये बीपीएफच्या मॅपचं नाव घेऊन कारण लिहून ठेवलं.

मला हा पॅच फार महत्त्वाचा वाटतो, कारण यात कॉपी करणाऱ्या फंक्शनचीही चूक नव्हती आणि मॅपचीही नव्हती. दोघंही आपापल्या ठिकाणी बरोबर होते. कॉपी करणारा म्हणत होता लांबी शून्य बाइटवरून कळते, मॅप म्हणत होता लांबी मी सुरुवातीलाच ठरवली आहे. की एकच आणि तिच्या लांबीबद्दल दोघांची दोन मतं. डेटा स्ट्रक्चरचा इंटरफेस डिझाइन करायचा म्हणजे हे मतभेद आधीच मिटवायचे: की किती लांब हे कोण सांगणार, आणि दोन कीज सारख्या आहेत हे कोण ठरवणार.

आता थोडं मागे जाऊ. की फिक्स लांबीची ठेवली तर सगळंच सोपं होतं यात वाद नाही. नावासाठी चौकटी छापलेला सरकारी फॉर्म असतो ना, एका चौकटीत एक अक्षर, तसंच हे. फॉर्म तपासणाऱ्याला नाव कुठे संपतं ते शोधावं लागत नाही, पुढची माहिती कुठून सुरू होते ते ठरलेलं असतं. पण रिकाम्या चौकटींत कोणी आधी काही खरडून ठेवलं असेल तर तेही नावाचा भाग धरलं जाणार, आणि लांबलचक नावाच्या माणसाने काय करायचं याला उत्तर नाही. शिवाय जागा जाते ती वेगळीच. नावांसाठी २५६ बाइटची की ठेवली आणि एक लाख नोंदी झाल्या तर नुसत्या कीजना २ कोटी ५६ लाख बाइट लागतात, आणि खरी नावं सरासरी वीस बाइटची असतील तर काम वीस लाखांत भागलं असतं. बीपीएफचा हॅश मॅप डिफॉल्टने ही सगळी मेमरी आधीच अडवून ठेवतो. वर प्रत्येक लुकअपला, म्हणजे की शोधताना, दोन अक्षरांच्या नावासाठीही सगळ्या २५६ बाइटचा हॅश, म्हणजे त्यांच्यावरून ठरणारा एक छोटा आकडा, काढायचा, तो खर्च निराळा.

मग लांबी बदलती का नाही ठेवत? तर इंटरफेसमध्ये जागाच नाही. बीपीएफच्या मॅपमध्ये की शोधायचा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला काम सांगायची सोय, बघितला तर युजर काय देतो, मॅप कुठला ते आणि कीचा पॉइंटर, म्हणजे ती मेमरीत कुठे आहे तो पत्ता. लांबी देतच नाही. किती बाइट कॉपी करायचे ते कर्नल मॅपला विचारतो, कारण मॅप बनवतानाच कीचा साइझ सांगितलेला असतो. बीपीएफ प्रोग्रामच्या आतून लुकअप केला तरी तेच, मॅप आणि पॉइंटर, बस. व्हेरिफायर, म्हणजे प्रोग्राम चालू द्यायच्या आधी त्याची ओळनओळ तपासणारा भाग, तोही एवढंच बघतो, या पॉइंटरपासून मॅपच्या कीइतके बाइट वाचता येतात ना. २०२० पर्यंत तर की ५१२ बाइटपेक्षा मोठी ठेवताच यायची नाही, कारण प्रोग्राम की आपल्या स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, तयार करणार असं धरलेलं होतं आणि बीपीएफचा स्टॅक आहेच ५१२ बाइटचा. ती मर्यादा नंतर काढली, पण लांबी फिक्स ती फिक्सच. आणि युजरला दिलेल्या सिस्टिम कॉलचा जुना अर्थ मागाहून बदलता येत नाही, जुने प्रोग्राम मोडतात; बीपीएफच्या कॉलला नवीन फील्ड शेवटी जोडता येतं, पण जुना वापर लांबीशिवायच चालू ठेवावा लागतो.

पण कर्नलमध्ये दुसरीकडे हे काम अनेक वर्षं उत्तम चाललंय. सगळ्यात जास्त मार खाणारी जागा म्हणजे डीकॅश, कर्नलने हाताशी ठेवलेली फाइलच्या नावांची कॅश, फाइलच्या पाथमधलं प्रत्येक नाव इथे शोधलं जातं. इथे की म्हणून जे स्ट्रक्चर वापरतात त्याचं नाव क्यूएसटीआर, म्हणजे क्विक स्ट्रिंग, आणि त्याच्या कमेंटमध्येच लिहिलंय, याचा मुख्य फायदा म्हणजे स्ट्रिंगची लांबी आणि हॅश सोबत राहतात. ३२ बिटचा हॅश, ३२ बिटची लांबी, आणि नावाचा पॉइंटर. हॅश आणि लांबी शेजारी शेजारी असल्यामुळे दोन्ही मिळून एकच ६४ बिटचा आकडा म्हणून बघता येतात, त्यामुळे बकेटमधली, म्हणजे हॅश टेबलच्या त्याच कप्प्यातली, नोंद आपली नाही हे एकाच तुलनेत कळतं, नावाच्या एकाही बाइटला हात न लावता. आणि लांबी वेगळी मोजावीही लागत नाही, पाथ वाचता वाचता पुढचा स्लॅश शोधणारा लूप तोच हॅशही काढतो आणि लांबीही देतो. मला हे डिझाइन खरंच सुंदर वाटतं.

आता प्रश्न असा, लांबी जवळ आहे तर शेवटचा शून्य बाइट कशाला ठेवायचा? डीकॅश तरीही ठेवतं, आणि त्याचं कारण जवळून बघण्यासारखं आहे. पाथ शोधताना कर्नल बऱ्याचदा लॉक घेत नाही, आरसीयू पद्धतीने नुसतं वाचत जातो. त्याच क्षणी दुसऱ्या कोणी त्या फाइलचं नाव बदललं तर वाचणाऱ्याच्या हातात जुनी लांबी आणि नवीन नाव अशी जोडी येऊ शकते. जुनी लांबी तीस, नवीन नाव पाच अक्षरांचं, तर बफरच्या बाहेर वाचलं जाईल? नाही, कारण नावाचा पॉइंटर एका दमात वाचला जातो आणि डीकॅशमधलं नाव शून्यानेच संपेल याची गॅरंटी आहे, त्यामुळे तुलना तिथे अडखळते. उत्तर चुकीचं आलं तरी चालतं, कारण नंतर सीक्वेन्स नंबर तपासला जातो आणि मध्येच काही बदललं असेल तर तो निकाल टाकून देतात. म्हणजे लांबी स्पीडसाठी आणि शून्य बाइट सुरक्षिततेसाठी, दोन्हीची कामं वेगळी. व्हेरिएबल लांबीची की लॉकशिवाय वाचायची असेल तर लांबी आणि बाइट यांची जोडी फुटू शकते हे इंटरफेस लिहिणाऱ्याने पहिल्या दिवशीच डोक्यात ठेवावं लागतं. युजरकडून की घेतानाही तसंच. लांबी कीच्याच आत असेल तर ती एकदाच कॉपी करून घ्यायची, कारण तपासायला एकदा वाचली आणि वापरायला परत वाचली तर मधल्या वेळात समोरच्याने ती बदललेली असू शकते.

डीकॅशमध्ये आपल्याला, म्हणजे मराठी लिहिणाऱ्यांना, जवळची अशी एक गोष्ट आहे. नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधलं एकेक चिन्ह, तीन बाइट खातो, म्हणजे फाइलच्या नावात फक्त ८५ कोडपॉइंट बसतात आणि त्यात काना, मात्रा, हलंत सगळे वेगवेगळे मोजायचे. आता 'दऱ्या' हा शब्द घ्या. यातला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो, एकतर त्याचा स्वतःचा कोडपॉइंट, नाहीतर साधा र आणि त्याखाली नुक्ता. पहिल्या प्रकारात शब्द १५ बाइटचा, दुसऱ्यात १८ बाइटचा. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. साध्या फोल्डरमध्ये कर्नल बाइट बघतो, त्यामुळे 'दऱ्या' नावाच्या दोन वेगळ्या फाइल सुखाने नांदतात आणि आपण डोकं खाजवत बसतो. पण २०१९ पासून ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममध्ये फोल्डरला केसफोल्ड लावायची सोय आहे, कॅपिटल-स्मॉलचा फरक धरायचा नाही आणि युनिकोडची अशी दोन रूपं एकच मानायची. तिथे ही दोन्ही नावं एकच ठरतात, लांबी वेगळी असूनसुद्धा!

म्हणजे वर ज्याचं एवढं कौतुक केलं ते लांबीवरून झटकन नाही म्हणणं इथे चालणार नाही. आणि डीकॅशच्या इंटरफेसमध्ये याची सोय आहे. फाइलसिस्टिम स्वतःचं हॅश फंक्शन आणि स्वतःचं तुलनेचं फंक्शन देऊ शकते, आणि तुलनेचं फंक्शन दिलेलं असेल तर लुकअप वेगळ्या रस्त्याने जातो, त्या रस्त्यावर फक्त हॅश जुळतो का ते बघतात, लांबी बघतच नाहीत, पुढचा निर्णय फाइलसिस्टिमचा. अर्थात अट एक आहे, तुलना ज्यांना सारखं म्हणते त्यांचा हॅशही सारखाच आला पाहिजे, म्हणून केसफोल्डवाला हॅश आधी नाव एका ठरलेल्या रूपात आणतो आणि मग काढतो. हॅश आणि तुलना ही जोडगोळी आहे, एक बदललं आणि दुसरं विसरलं तर की टेबलमध्ये असूनही सापडत नाही, आणि असला बग शोधणं म्हणजे जीव जातो.

जनरल वापरासाठी कर्नलमध्ये आर-हॅशटेबल आहे, २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१७ व्हर्जनमध्ये आलं, नेटवर्किंगमध्ये भरपूर वापरतात. त्याचा इंटरफेस मला व्यवहारी वाटतो. की फिक्स लांबीची असेल तर फक्त सांगायचं, ऑब्जेक्टमध्ये की कुठे आहे आणि किती बाइटची, बाकी सगळं ते बघून घेतं. लांबी बदलती असेल तर ती शून्य ठेवायची आणि आपली फंक्शन्स द्यायची: नुसत्या कीवरून हॅश काढणारं, ऑब्जेक्टवरून हॅश काढणारं, आणि ऑब्जेक्टची कीशी तुलना करणारं. पहिल्याची गरज पडते लुकअपच्या वेळी, तेव्हा हातात ऑब्जेक्ट नसतो, फक्त की असते. दुसऱ्याची, टेबल मोठं होताना, तेव्हा प्रत्येक ऑब्जेक्ट नव्या बकेटमध्ये हलवायचा असतो आणि मूळ शोधायला वापरलेली की कोणाकडेच नसते. आणि लांबीही दिली नाही, ऑब्जेक्टवरून हॅश काढणारं फंक्शनही दिलं नाही, किंवा ते दिलं आणि तुलनेचं विसरलं, तर टेबल सुरूच होत नाही, तिथल्या तिथे एरर. ही शिस्त फार मोलाची आहे, चूक सहा महिन्यांनी प्रॉडक्शनमध्ये दिसण्यापेक्षा पहिल्या रनला दिसलेली बरी. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, हॅश फंक्शनला लांबी म्हणून जो आकडा येतो तो टेबलचा असतो, म्हणजे इथे शून्य, त्यामुळे की म्हणून नुसता बाइटचा पॉइंटर देऊन भागत नाही, ज्यात लांबीही आहे अशा छोट्या स्ट्रक्चरचा पॉइंटर द्यावा लागतो. पुन्हा तेच, क्यूएसटीआरसारखं, लांबी कीसोबत फिरते.

एवढे कॉलबॅक, म्हणजे आपण लिहून दिलेली आणि टेबलने बोलवायची फंक्शन्स, म्हटल्यावर स्पीडचं काय? फंक्शन पॉइंटरमधून केलेला कॉल तसाही महाग, आणि जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी बाहेर आल्यावर त्यावरच्या उपायांमुळे आणखी महाग झाला. आर-हॅशटेबलमध्ये ही फंक्शन्स ज्या स्ट्रक्चरमध्ये असतात ते कॉन्स्टंट म्हणून प्रत्येक लुकअपला परत द्यायचं असतं, दिसायला उगाच वाटतं, पण त्यामुळे कंपायलरला खरं फंक्शन कुठलं ते कंपाइल करतानाच कळतं आणि तो ते जागेवरच इनलाइन करतो, म्हणजे कॉलऐवजी फंक्शनचा कोडच तिथे बसवतो. कर्नलच्या आरबी-ट्रीने, म्हणजे नोंदी क्रमाने ठेवणाऱ्या झाडाने, तर अनेक वर्षं तुलनेचा कॉलबॅक घेतलाच नाही, शोधायचा लूप ज्याचा त्याने लिहायचा, की कशीही असो. २०२१ मध्ये ५.१२ मध्ये त्यासाठी मदतीची फंक्शन्स आली, तीही इनलाइन होतील अशीच लिहिलेली.

माझं सगळ्यात आवडतं डिझाइन मात्र फारसं चर्चेत नसतं. कर्नलची कीरिंग, जिथे पासवर्ड, टोकन, सर्टिफिकेट वगैरे ठेवतात, तिच्याखाली असोसिएटिव्ह ॲरे नावाचं झाड आहे, २०१४ च्या सुरुवातीला ३.१३ मध्ये आलेलं. प्रत्येक नोडला सोळा फांद्या, म्हणजे एका पायरीला कीचे चार बिट खर्च होतात. हे झाड कीची लांबी विचारतच नाही! ते फक्त म्हणतं, या पायरीवर मला कीचा पुढचा तुकडा दे, एका मशीन वर्डएवढा, म्हणजे ६४ बिटवर आठ बाइट. कुठून आणायचा, कसा बनवायचा, तुझं तू बघ. की संपली असेल तर शून्य दे. आणि दोन ऑब्जेक्ट वेगळे आहेत का एवढंच विचारून थांबत नाही, नेमक्या कितव्या बिटला वेगळे पडतात ते विचारतं, कारण फांदी तिथेच फोडायची असते. हॅश टेबलला 'सारखं का वेगळं' एवढं उत्तर पुरतं, झाडाला 'कुठे वेगळं' हे लागतं, म्हणून एकच तुलनेचा कॉलबॅक दोघांना लावता येत नाही.

कीरिंगने या तुकड्यांचा क्रम लावलाय तोही बघा. पहिला तुकडा हॅश, त्यामुळे बहुतेक कीज वरच्या वरच वेगळ्या होतात. दुसऱ्या तुकड्यात दोन बाइट लांबी आणि उरलेल्या जागेत, ६४ बिटवर सहा बाइट, नावाची पहिली अक्षरं. मग टाइप वगैरे, आणि शेवटी उरलेलं नाव. लांबी इतक्या आधी घेतल्यामुळे दोन दुखणी जातात. एक, झाडात 'राम' आणि 'रामराव' अशा कीज असतील तर पहिली दुसऱ्याचीच सुरुवात आहे, मग 'राम' कुठल्या नोडवर ठेवायचा हा प्रश्न येतो, लांबी पुढे असली तर तो येतच नाही. दोन, व्हेरिएबल लांबीची दोन फील्ड मिळून एक की बनवायची असेल आणि ती नुसती एकाला एक चिकटवली तर 'राम' आणि 'राव' चिकटवूनही 'रामराव', आणि 'रामरा' आणि 'व' चिकटवूनही तेच, दोन वेगळ्या कीज एक झाल्या. सिक्युरिटीच्या ठिकाणी हे असलं चालत नाही.

काही लोक हा सगळा त्रासच टाळतात. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमची की कायम १७ बाइटची, फाइलचं नाव त्यात बसत नाही म्हणून नावाचा सीआरसी३२सी हा ३२ बिटचा हॅश काढून तो कीमध्ये ठेवतात आणि खरं नाव आयटममध्ये. दोन नावांचा हॅश एकच आला तर दोन्ही नोंदी एकाच आयटममध्ये शेजारी शेजारी, पण आयटम एका लीफमध्ये मावला पाहिजे, म्हणजे टक्करी फार झाल्या तर नवीन फाइल बनवायला नकार मिळतो. झाड साधं राहतं हा फायदा मोठा आहे, पण मुद्दाम टक्करी घडवणाऱ्या माणसाचाही विचार करावा लागतो.

बीपीएफमध्ये अर्धा रस्ता आधीच झालाय. २०१७ मध्ये ४.११ मध्ये आलेला एलपीएम ट्राय, हेही एक प्रकारचं झाडच, आयपी ॲड्रेसच्या रेंज शोधायला वापरतात, त्यात कीच्या सुरुवातीला चार बाइटमध्ये प्रीफिक्स किती बिटचा ते लिहायचं आणि मग डेटा. बफर फिक्स, आतली लांबी बदलती. पुढे २०२२ मध्ये स्ट्रिंगच्या कीजसाठी आधी टर्नरी सर्च ट्री आणि मग क्यूपी-ट्राय अशा दोन झाडांचे प्रस्ताव आले, आणि त्याच वर्षी ५.१९ मध्ये डायनपॉइंटर आला, म्हणजे असा पॉइंटर ज्याच्यासोबत साइझ आणि ऑफसेट असतो आणि जो व्हेरिफायरला ओळखता येतो. क्यूपी-ट्रायच्या पुढच्या व्हर्जनमध्ये की म्हणून हाच डायनपॉइंटर घेतला, नंतर हॅश मॅपसाठीही तशीच कल्पना आली. ही दिशा मला बरोबर वाटते, कारण लुकअपचं फंक्शन दोनच आर्ग्युमेंटचं राहतं आणि लांबी तरीही पोचते.

अवघड भाग लुकअपचा नाहीच, तो आहे मॅपमधल्या कीज एकेक करून बाहेर काढायचा. आत्ता युजर हातातली की देतो, कर्नल पुढची की त्याच्या बफरमध्ये लिहितो, किती बाइट लिहायचे ते दोघांनाही माहीत. लांबी बदलती झाली म्हणजे तीन आकडे लागतात: आधीची की किती लांब, रिकामा बफर किती मोठा, आणि लिहिलेली की किती लांब निघाली. पुढची की बफरमध्ये मावली नाही तर अर्धी लिहून गप्प बसायचं नाही, एरर द्यायचा आणि लागणारी लांबी परत सांगायची, म्हणजे युजर मोठा बफर घेऊन परत येईल. मधल्या वेळात त्याची आधीची की कोणी डिलीट केली असेल तर? आजचा मॅप अशा वेळी परत पहिल्या कीपासून सुरुवात करतो, त्यामुळे मोठा बफर घेऊन परत आलेला युजर कदाचित सगळी यादी पुन्हा वाचत बसेल. मी लिहिणार असतो तर इथे कीच्या ऐवजी कर्नलने दिलेला एक छोटा फिक्स साइझचा कर्सर ठेवला असता, युजरने तो न उघडता तसाच परत द्यायचा, म्हणजे निदान पुढे सरकण्यासाठी तरी कीच्या लांबीशी कोणाचा संबंध येणार नाही.